वॉटर पंपाचा थेंब आणि हंगामाचा खोळंबा



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट कुजविणे अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मी काही मिस्त्री नाही, माझी पदविका शेतीची. पण तीन हंगामांपूर्वी माझ्याच तोंडून गेलेल्या चुकीच्या सल्ल्याने आपल्या एका सभासदाचे इंजिन गेले. त्यानंतर मी वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून, मिस्त्र्यांना विचारून, उघडलेले पंप हातात घेऊन जे शिकलो ते आपणापुढे ठेवीत आहे. माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणी करू नये, एवढाच हेतू.

काय घडले

सभासद कडेगाव भागातले. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला, दोन ट्रेलर, कारखान्याशी वाहतुकीचा करार. ट्रॅक्टर पुतण्या चालवायचा, मुलगा कामाचा आणि काळजीचा. डिसेंबरात मी त्यांच्या फडावर गेलो होतो. टोळी मोळ्या भरीत होती. पुतण्याने मला ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला नेले व म्हणाला, "साहेब, हे बघा की. फॅनच्या खालनं पाणी ठिपकतंय."

मी वाकून पाहिले. फॅनच्या मागे पंप, त्याच्या पोटाशी एक बारीक भोक, आणि त्यातून थेंब थेंब पाणी. मी ऐटीत सांगितले, "अरे, पंपच आहे तो. विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमधून ठिपकत नाही का? थेंब पडतोय तेच बरं आहे. रोज पाणी बघत जा म्हणजे झालं."

साहेबांनी सांगितले म्हणून त्याची काळजी मिटली. तो रोज सकाळी बोअरचे पाणी ओतायचा आणि खेपेला जायचा. बाराव्या दिवशी संध्याकाळी दोन्ही ट्रेलर भरलेले असताना चढाला काटा वर गेला. पुढून घरघर येत होती. मागे एवढे ओझे, चढावर थांबायचे कसे, म्हणून त्याने विचार केला की एवढा चढ काढू आणि वर गेल्यावर बघू. तेवढ्यात पंपाचे बेरिंग तुटले, फॅन पुढे सरकून रेडिएटरच्या जाळीत घुसला आणि सगळे पाणी रस्त्यावर गेले. पुढची चार-दोन मिनिटे इंजिन कोरडे चालले आणि जागेवर जाम झाले. हेड वाकले, पिस्टन-लायनर ओरखडले.

दुसरा ट्रॅक्टर मिळेपर्यंत ऊस रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्याकडेला उभा. टोळी दोन दिवस फडात बसून. इंजिनाचे काम होईपर्यंत ऐन हंगामातले तीन आठवडे गेले आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही. सभासद मला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. "साहेब, आमालाबी तसंच वाटलं हुतं," एवढेच म्हणाले. ते वाक्य अजून टोचते.

विहिरीवरचा पंप आणि इंजिनाचा पंप

माझी चूक कोठे झाली ती नीट समजून घेऊ, कारण ती आपल्या भागातल्या कोणाकडूनही होण्यासारखी आहे. पंपाची ओळख आपल्याला नवी नाही. आजच्या पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर कारखाना उभा केला. तिथून आधी लोखंडी नांगर व पुढे पंप गावोगाव गेले आणि विहिरीवरची मोट हळूहळू बंद पडली. आज ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी कृष्णेतून उचलून दुष्काळी पट्ट्यात जाते तेही पंपांच्याच जोरावर. पोरासोरांनाही फुटव्हॉल्व्ह, इंपेलर, ग्लँड हे शब्द माहीत आहेत.

इंजिनावरचा वॉटर पंप त्याच जातीचा. घरात फिरणारा इंपेलर, त्याचा शाफ्ट, शाफ्टला बेरिंग, आणि पाणी शाफ्टवरून बाहेर येऊ नये म्हणून केलेला अडसर. फरक आहे तो या अडसरात.

विहिरीवरच्या ग्लँडच्या पंपाला तेलकट दोरी गुंडाळून ती आवळलेली असते. या दोरीला थंडावा लागतो, म्हणून अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे. ग्लँड करकचून आवळली तर दोरी जळते आणि शाफ्ट खातो. तिथे थेंब पडणे हे पंपाच्या प्रकृतीचे लक्षण.

इंजिनाच्या पंपात दोरी नसते. तिथे दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबून बसविलेल्या असतात. यालाच मेकॅनिकल सील म्हणतात. आता विहिरीवरच्या कित्येक मोनोब्लॉक पंपांनाही असेच सील येते. सील चांगले असेपर्यंत पाणी बाहेर येत नाही. सीलच्या पाठीमागे लगेच बेरिंग असते व त्यात ग्रीस भरलेले असते. सील झिजले तर पाणी बेरिंगमध्ये शिरू नये, बाहेरच्या बाहेर पडावे, म्हणून सील आणि बेरिंग यांच्यामध्ये खालच्या अंगाला बारीक भोक ठेवलेले असते. मी पाहिले ते हेच भोक.

म्हणजे ज्या थेंबाला मी पंपाची प्रकृती समजलो तो पंपाचा निरोप होता की, माझे सील गेले, आता पाणी बेरिंगपर्यंत पोचेल. नवा पंप बसविल्यावर पहिल्या दिवशी एखादा थेंब दिसून बंद होऊ शकतो. परंतु सतत ठिपकत राहिले तर पंप बदलण्याची तयारी करावी. काही जण या भोकात एम-सील भरून बुजवितात. तसे कदापि करू नये. गळती बंद झाल्याचे समाधान मिळते, पण पाणी आत तुंबून बेरिंगचे ग्रीस धुऊन काढते आणि बेरिंग आणखी लवकर तुटते.

पंपाचे काम काय

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामाला येते. तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला ओढून न्यावी लागते. पंप हे पाणी सिलिंडरभोवती आणि हेडमधून फिरवितो. तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, फॅनच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. मध्ये थर्मोस्टॅट असतो. इंजिन थंड असताना तो वाट अडवून धरतो आणि पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापले की उघडतो. बहुतेक ट्रॅक्टरांना फॅन आणि पंप एकाच शाफ्टवर असतात व दोन्ही फॅन बेल्टवर फिरतात. त्यामुळे पंपाचे बेरिंग गेले की पाणी फिरणे आणि वारा दोन्ही एकदम बंद पडतात.

पंप जाऊ लागल्याची लक्षणे

१) भोकातून थेंब. रात्री ट्रॅक्टर उभा करताना पंपाखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकावा. सकाळी ओला डाग दिसला तर तो कशाचा ते बोटाने पाहावे. तेल बुळबुळीत लागते, कूलंटला रंग असतो. डाग वाळला असला तरी पंपाच्या पोटावर पांढरट, हिरवट किंवा गंजाचा ओघळ दिसतो. तो ओघळ खोटे बोलत नाही.

२) पाण्याची पातळी रोज कमी होणे. ज्या ट्रॅक्टरला आठवड्यात पाणी घालावे लागत नव्हते त्याला रोज तांब्याभर लागू लागले तर पाणी कुठेतरी जात आहे. ते शोधल्याशिवाय नुसते ओतत राहू नये.

३) आवाज. इंजिनाच्या पुढच्या अंगाला जात्यासारखी घरघर किंवा बारीक चिरका सूर येतो आणि रेस वाढविली की वाढतो. बेल्ट ढिला असल्यासही चित्कार येतो, पण तो बहुधा चालू करताना किंवा एकदम रेस दिल्यावर येऊन जातो. बेरिंगची घरघर थांबत नाही.

४) फॅनला खेळ. इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी आणि इंजिन निवू द्यावे. मग फॅनची दोन विरुद्ध पाती धरून पुढे-मागे हलवून पाहावीत. टकटक खेळ लागला तर बेरिंग गेले. बेल्ट सैल करून पुली हाताने फिरविल्यास खरखर असल्यास तीही कळते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. सगळ्या तपासण्यांत हिची किंमत सर्वांत मोठी.

५) बेल्ट तिरका चालणे. पुली डुगडुगू लागली की बेल्ट एका बाजूने झिजतो, त्याचे दोरे निघतात.

६) ओझ्याखाली काटा चढणे. कधी कधी थेंब नाही, आवाज नाही, पण आतल्या इंपेलरची पाती गंजून खाल्लेली असतात. रिकाम्या ट्रेलरला काटा ठीक राहतो, भरलेल्या खेपेला चढावर वर जातो.

काट्याविषयी एक सूचना. पाणी फार कमी झाले की काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिन जळत असताना काटा थंड दाखवितो. म्हणून वर गेलेला काटा एकदम खाली पडला तर हायसे वाटून घेऊ नये, ताबडतोब थांबावे.

दोष पंपाचाच, का दुसऱ्या कशाचा?

इंजिन तापले की पंपच गेला असे नाही. पंप बदलूनही तापणे चालूच, अशी उदाहरणे आहेत. म्हणून सोप्यापासून अवघडाकडे जावे.

प्रथम रेडिएटरची जाळी पाहावी. आपल्या वाहतुकीत पाचटाचे तुकडे, ऊसतुरा, फुफाटा जाळीत अडकून वारा बंद होतो. हंगामात तापण्याचे हे नेहमीचे कारण आहे. जाळी साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावे, म्हणजे अडकलेला कचरा आला त्याच वाटेने निघतो. फवारा फार जोराचा नको, पत्र्या दुमडतात.

दुसरे, फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. ढिला बेल्ट घसरतो, फार ताणलेला बेल्ट पंपाचे बेरिंग ओढून खातो. दोन्ही वाईट.

तिसरे, नळ्या, क्लिपा आणि रेडिएटरचे झाकण. झाकणाचे रबर गेले की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते.

चौथे, थर्मोस्टॅट. इंजिन तापले आणि वरची नळी मात्र गार, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याचा संभव. वरची नळी कढत आणि खालची गार, तर पाणी फिरत नाही. मग पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांवर संशय घ्यावा. नळीला हात लावताना फॅनपासून जपावे, धोतर, उपरणे किंवा ओढणी लोंबू देऊ नये. काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "म्हणजे इंजिन थंड राहतंय" असे सांगतात. त्याने पंपाचा दोष जात नाही. शिवाय इंजिन हवे तेवढे तापत नसल्याने झीज आणि डिझेल दोन्ही वाढतात.

पाचवे, हेड गॅस्केट. इंजिन थंड असताना झाकण काढून चालू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबत नसेल, किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर गॅस्केट उडाले किंवा हेडला चीर गेली. मग घरी प्रयोग करू नयेत, इंजिन चालवूही नये.

वाटेत इंजिन तापले तर

चढ काढू आणि मग बघू, हा विचार इंजिनाचा काळ आहे. काटा लाल पट्ट्याकडे जाताच गाडी डाव्या अंगाला घ्यावी. चढावर असल्यास ब्रेक लावून, गियरमध्ये ठेवून, ट्रॅक्टर व दोन्ही ट्रेलरच्या चाकांना दगड किंवा ओंडके लावावेत. रात्री मागे रिफ्लेक्टर किंवा त्रिकोण ठेवावा. अंधारात उभ्या ट्रेलरवर मागून मोटारसायकल आदळून माणसे गेलेली आहेत. निघताना चाकाखालचे दगड रस्त्यावरून उचलून टाकावेत, हे विसरू नये.

इंजिन लगेच बंद करायचे का? बेल्ट शाबूत आहे, फॅन फिरतो आहे, पाणी आहे, नुसते ओझ्याने तापले आहे, अशा वेळी दोन-चार मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता सारखी उतरते. परंतु बेल्ट तुटला, पंपातून धार लागली, फॅन डुगडुगतो किंवा पाणी संपले, यांपैकी काहीही असले तर त्याच क्षणी बंद करावे.

झाकण उघडण्याची घाई करू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. मग जाड ओले पोते झाकणावर टाकून, तोंड बाजूला करून, आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि मगच काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होते ते घरात विचारावे. हेडचेही तेच होते, फक्त तवा स्वस्त असतो. इंजिन निवल्यावर थोडे थोडे पाणी घालावे.

नुसता थेंब पडत असेल, फॅनला खेळ नसेल, आवाज नसेल, तर बरोबर पाण्याचा कॅन घेऊन, काट्यावर नजर ठेवून, सावकाश जवळच्या वर्कशॉपपर्यंत जाता येते. पण फॅनला खेळ किंवा घरघर असेल तर एक मैलही जाऊ नये. ट्रेलर दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडावेत आणि गट ऑफिसला किंवा फिल्डमनला लगेच कळवावे. लपवून ठेवण्यासारखे त्यात काही नाही. तोडलेला ऊस शक्य तो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर होईल तसे पाणी उडून वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊन उतारा कमी होतो. जळका ऊस तर आणखी लवकर उतरतो. वजनाचे नुकसान त्या सभासदाचे, उताऱ्याचे नुकसान आपणा सर्वांचे, आणि बसून राहिलेल्या टोळीचे नुकसान त्या गोरगरीब कोयत्यांचे. त्यांची मजुरी टनावर असते.

पंप बदलताना

पंप दोन प्रकारे दुरुस्त होतो. एक, पूर्ण नवा पंप बसविणे. दुसरा, सील, बेरिंग, शाफ्ट यांचा किट घालणे. किट स्वस्त पडतो, पण बेरिंग प्रेसवर दाबून बसवावे लागते, सील ठोकून चालत नाही आणि इंपेलर व पंपाचे घर यांतले अंतर बरोबर यावे लागते. विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर झिजला की पाणी कमी पडते, तसेच इथेही होते. असे काम जाणणारा मिस्त्री व प्रेस असेल तरच किट घालावा. घर किंवा इंपेलर गंजून खाल्ले असेल तर नवा पंपच घ्यावा, तोही आपल्या मॉडेलचा, बिलासह.

मिस्त्र्याजवळ उभे राहून पुढील गोष्टी करून घ्याव्यात. जुने गॅस्केट खरवडून जागा स्वच्छ करणे. नवे गॅस्केट घालणे. बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळणे. जुना, तडकलेला बेल्ट व फुगलेल्या नळ्या त्याच वेळी बदलणे. आतले गंजके पाणी काढून स्वच्छ पाण्याने धुणे. नवे पाणी सावकाश भरून, झाकण उघडे ठेवून, इंजिन चालवून आतली हवा जाऊ देणे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहणे. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत सैलावतो, तोही पुन्हा पाहावा.

पंप लवकर का जातो?

याचे उत्तर आपल्या रानातच आहे. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठी किती रान क्षारपड झाले ते आपण पाहतो. उन्हाळ्यात मातीवर मिठासारखा पांढरा थर येतो. कित्येक विहिरी-बोअरचे पाणीही जड असते. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर बसतो तो याच पाण्याचा. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. मग तसाच थर सिलिंडरभोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, उष्णता अडते आणि गंजाचे व क्षाराचे कण सीलच्या गुळगुळीत चकत्यांमध्ये जाऊन त्या घासतात. माझ्या त्या सभासदाच्या ट्रॅक्टरचा पंप उघडला तेव्हा आत पांढरा-तांबडा खर साठला होता. जमिनीला क्षार चढू नये म्हणून आपण चर काढतो, जिप्सम टाकतो. इंजिनालाही तीच काळजी हवी.

म्हणून नुसते पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण घालावे. प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते, पुष्कळ ठिकाणी ते निम्मे-निम्मे असते. तयार मिश्रणाचा कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नये. कूलंट आपल्याकडे थंडीसाठी नव्हे, तर गंज आणि उकळी यांपासून बचाव म्हणून लागतो. दोन जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. नुसता रंग सारखा म्हणून जात सारखी असे नसते. मुदत संपली की बदलावा, कारण त्यातली गंजरोधक द्रव्ये संपतात. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावे लागले तर घालावे, पण पोचल्यावर ते काढून टाकावे. गळती थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत आहे. हळद सांगलीची असली तरी तिची जागा स्वयंपाकघरात. तिने बारीक नळ्या चोंदतात आणि पंपाचे सील काही भरून येत नाही.

एक इशारा. कूलंट चवीला गोड असतो आणि विषारी असतो. काढलेला जुना कूलंट गोठ्याजवळ, डबक्यात किंवा पाटात ओतू नये. कुत्री, वासरे, शेळ्या तो चाटतात आणि दगावतात. मुलांच्या हाती लागेल असाही ठेवू नये. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको.

जीप व मोटारगाडी असणाऱ्यांसाठी

आता पुष्कळ सभासदांच्या दारात मोटारगाडी आहे. तिचा पंप याच तत्त्वावर चालतो, पण काही फरक आहेत. पाणी पाहण्यासाठी पारदर्शक बाटली असते. इंजिन थंड असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पुष्कळ गाड्यांना फॅन विजेवर वेगळा चालतो. त्यामुळे निदान सोपे होते. गर्दीत, बाजारपेठेत थांबत जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर आधी फॅन पाहावा. उलट हमरस्त्यावर वेगात किंवा खंबाटकीसारख्या घाटात तापते, तर पंप, रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट पाहावा. तापत असताना एसी बंद करून हीटर पूर्ण सोडल्यास थोडी उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि झाकणाआड असतो, तिथे थेंब दिसत नाही. अशा गाडीचा टायमिंग बेल्ट बदलताना पंपही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे. पंप अडकला तर तो बेल्ट तोडतो आणि मग वाल्व्ह-पिस्टनवर बेतते.

ध्यानात ठेवण्याची सवय

रोज सकाळी, इंजिन थंड असताना : पाणी, तेल, जमिनीवरचा डाग.
दर आठवड्याला : रेडिएटरची जाळी, बेल्टचा ताण, नळ्यांच्या क्लिपा.
दर महिन्याला : फॅन धरून खेळ पाहणे. अमावास्येला आपण गाडीवर नारळ फोडतो, लिंबू बांधतो. त्याच दिवशी हे करावे, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.
हंगामापूर्वी : खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पूजतो. हार घालण्याआधी पंपाच्या पोटाखाली बोट फिरवून पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे सील बऱ्याच वेळा पहिल्याच खेपांना गळू लागते. तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो, मिस्त्री मोकळा असतो. पट्टा पडल्यावर दोन्ही नसतात.

ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला हे वाचून दाखवावे, आणि तो काही दाखवायला आला तर वाकून नीट पाहावे. त्या पुतण्याने वेळेवर दाखविले होते. चूक त्याची नव्हती. ज्याने न कळता उत्तर दिले त्याची होती. मला आता कोणी इंजिनाचे काही विचारले आणि ठाऊक नसले, तर मी सरळ सांगतो, "मला कळत नाही, मिस्त्र्याला दाखवा." त्यात अधिकाऱ्याची पत कमी होत नाही.

त्या सभासदाचा ट्रॅक्टर या हंगामातही खेपा करीत आहे. गेल्या महिन्यात यार्डात नंबर लागण्याची वाट पाहत तो उभा होता. मी जवळ गेलो तर पंपाखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकलेला. पुतण्या हसून म्हणाला, "बघा साहेब, कोरडा हाय." मी वाकून पाहिले. खरोखरच कोरडा होता.

आपला,
ऊस विकास अधिकारी